पुढच्या स्क्रीनला फक्त गाडी नंबर द्या

रेल्वेच्या एखाद्या ॲपमध्ये मुंबई-पुणे गाड्यांची यादी उघडली आहे. तुम्ही डेक्कन क्वीनवर बोट टेकवता आणि त्या गाडीचे थांबे, वेळा, डबे दाखवणारी दुसरी स्क्रीन समोर येते. बोट कोणत्या गाडीवर पडलं, हे तिला कुणी सांगितलं? पहिल्या स्क्रीनने परस्पर सांगितलं असेल, असं आपण धरून चालतो. अँड्रॉइडच्या मूळ रचनेत तसं होत नाही. पहिली स्क्रीन 'इंटेंट' नावाची एक विनंती तयार करते, तीत 'गाडी क्रमांक : 12123' अशी नोंद करते आणि ती अँड्रॉइडच्या हवाली करते. दुसरी स्क्रीन उघडायची आणि ती नोंद तिच्या हाती द्यायची, हे काम अँड्रॉइडचं.

एकाच ॲपच्या दोन स्क्रीनसाठी हा द्राविडी प्राणायाम कशाला? कारण पुढची स्क्रीन आपल्याच ॲपमधली असेल असं नाही. ती कॅमेऱ्याची असेल, नकाशाची असेल, पैसे देण्याच्या ॲपची असेल. प्रत्येक ॲप स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालतं. त्याची मेमरी वेगळी असते आणि दुसऱ्याच्या मेमरीत डोकावायला सक्त मनाई असते. म्हणून माहिती आधी बाइट्सच्या सरळ रांगेत मांडायची, कर्नलमधल्या, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्यातल्या, 'बाइंडर' या वाटेने पलीकडे न्यायची आणि तिथे पुन्हा जुळवायची. सगळ्यांना एकच नियम.

ही वाट अरुंद आहे. एका प्रोसेसच्या वाट्याला साधारण 1 एमबी जागा येते, आणि तीही त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या देवाणघेवाणींना मिळून. आता 4000 गुणिले 3000 पिक्सेलचा एक फोटो घ्या. 1 कोटी 20 लाख पिक्सेल, प्रत्येकाला 4 बाइट, म्हणजे मेमरीत 48 एमबी. तो जसाच्या तसा इंटेंटमध्ये कोंबला की ॲप कोसळणारच. म्हणूनच कॅमेऱ्याकडे नुसता फोटो मागितला, तर परत येतो तो नखाएवढा नमुना. पूर्ण फोटो हवा असेल तर मागणाऱ्या ॲपने आधी एका फाइलचा पत्ता द्यायचा, कॅमेरा फोटो तिथे लिहून ठेवतो.

डेक्कन क्वीनच्या बाबतीतही हेच तत्त्व. गाडीची सगळी माहिती उचलून पुढे पाठवण्यापेक्षा 12123 एवढाच आकडा पाठवावा आणि बाकीचं दुसऱ्या स्क्रीनने मूळ ठिकाणाहून घ्यावं. माझ्या मते इथे जागेपेक्षाही महत्त्वाचा मुद्दा ताजेपणाचा आहे. यादी अर्ध्या तासापूर्वी आलेली असेल आणि मधल्या वेळात गाडीला उशीर झाला असेल, तर सोबत पाठवलेली प्रत शिळी निघते. प्रवाशाला 'वेळेवर' असं दिसतं आणि तो धावतपळत स्टेशन गाठतो. नंबर मात्र शिळा होत नाही.

अँड्रॉइड स्क्रीनच्या मूळ चौकटीला 'ॲक्टिव्हिटी' म्हणतं. हल्ली बरीच ॲप्स सगळ्या स्क्रीन एकाच 'ॲक्टिव्हिटी'च्या पोटात ठेवतात, त्यामुळे दर वेळी बाइंडरची फेरी पडत नाही. आयफोनवरही एकाच ॲपच्या स्क्रीन एकाच मेमरीत राहतात, तेव्हा वस्तू थेट हातात देता येते. तरीही नंबर पाठवण्याची सवय सोडू नये, कारण मेमरीचा भरवसा नसतो.

कमी रॅमच्या फोनवर एखादा सरकारी किंवा विम्याचा फॉर्म भरताना हे अगदी जवळून दिसतं. नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं भरून झालं. शेवटी 'कागदपत्राचा फोटो काढा' आलं. कॅमेरा उघडला. कॅमेरा मेमरी भरपूर खातो, त्यामुळे मागे थांबलेलं फॉर्मचं ॲप अँड्रॉइड गुपचूप बंद करून टाकतं. फोटो काढून परत यावं तर फॉर्म कोरा. माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि वयस्कर माणसं तर तिथेच नाद सोडतात. खरं तर अँड्रॉइड बंद करण्याआधी स्क्रीनला आपलं थोडंसं सामान बांधून ठेवायची संधी देतं आणि परतल्यावर ते तिच्या हवाली करतं. ती संधी प्रोग्रामरने घेतलेली नसते. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, म्हणजे प्रोग्रामरसाठीच्या सेटिंग्जमध्ये, 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' असं एक बटण आहे. ते चालू केलं की मागे गेलेली प्रत्येक स्क्रीन लगेच मोडली जाते. प्रत्येक फॉर्म असा तपासूनच लोकांच्या हाती द्यायला हवा.

या देवाणघेवाणीचं आपल्याकडचं सगळ्यात वापरातलं उदाहरण म्हणजे यूपीआय. खरेदीच्या ॲपमध्ये 'पैसे द्या' दाबलं की ते यूपीआय ॲपला एक छोटी ओळ पाठवतं. तीत 'पीए' या नावाखाली पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, 'पीएन' खाली त्याचं नाव, 'एएम' खाली रक्कम आणि 'सीयू' खाली चलन. पिन तुम्ही यूपीआय ॲपमध्ये टाकता, तो खरेदीच्या ॲपपर्यंत जात नाही. परत येतं ते एक उत्तर, ज्यात 'स्टेटस' असतं : व्यवहार झाला, फसला किंवा अजून प्रक्रियेत आहे.

हे उत्तर फोनमधल्या फोनमध्ये फिरलेलं असतं, म्हणजे कुणी बनावट ॲप बसवून खोटं 'झाला' परत पाठवू शकतं. उलट पैसे खरोखर गेलेले असताना खरेदीचं ॲपच मध्ये बंद पडलं, तर खरं उत्तरही पोचत नाही. म्हणून जबाबदार ॲप त्या उत्तरावर विसंबत नाही. त्याचा सर्व्हर व्यवहार क्रमांक घेऊन बँकेकडे किंवा पेमेंट कंपनीकडे स्वतंत्र चौकशी करतो आणि तिथून होकार आल्यावरच ऑर्डर पक्की करतो. पैसे कापल्याचा मेसेज आलेला असतो आणि ॲप अजून 'पेंडिंग' दाखवत असतं, तेव्हा बहुतेक वेळा हीच चौकशी चालू असते. तेवढ्यात पुन्हा पैसे भरू नयेत.