वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर काम करायचे आहे? पात्रता, कागदपत्रे आणि बदल अर्ज

वाचनालय कोण चालवते, असे विचारले की बहुतेक वाचक ग्रंथपालांकडे बोट दाखवतात. पुस्तकांची देवघेव, वर्गणी, दाखल नोंदवही हे सारे ग्रंथपाल पाहतात हे खरेच. पण त्यांचा पगार, जागेचे भाडे, पुस्तकखरेदी, शासनाचे अनुदान आणि हिशेबतपासणी यांची जबाबदारी कार्यकारी मंडळाची असते, आणि मंडळावरची माणसे हे काम विनामोबदला करतात. पुण्यात ही परंपरा फार जुनी आहे. पुणे नगर वाचन मंदिर सुरू झाले १८४८ साली, पुणे मराठी ग्रंथालय १९११ साली. त्यानंतर पेठांत आणि उपनगरांत जी लहान वाचनालये उभी राहिली, ती अशाच विनामोबदला राबणाऱ्या माणसांच्या बळावर.

आमच्या वाचनालयाचा कार्यवाह म्हणून मी काही वर्षे काम केले. दर सभेनंतर कोणी ना कोणी तरुण सभासद विचारतो, "मला मंडळावर यायचे असेल तर काय करावे लागते?" निवडणुकीचा भाग त्याला साधारण माहीत असतो. त्यानंतरचा सरकारी भाग कोणालाच माहीत नसतो, आणि वाचनालये अडतात ती तिथेच. म्हणून त्या भागावर इथे जास्त लिहितो आहे.

आधी संस्था कोणत्या प्रकारची आहे ते पाहा

महापालिकेचे वाचनालय किंवा अभ्यासिका असेल तर तिचा कारभार महापालिका पाहते. तिथे सभासदांनी निवडून देण्याचे मंडळ नसते. अशा ठिकाणी हातभार लावायचा तर वाचकांचा वेगळा गट करावा लागतो. त्याबद्दल पुढे येईल.

आपल्या परिसरातली इतर बहुतेक वाचनालये म्हणजे नोंदणीकृत संस्था. त्यांची नोंदणी दोन कायद्यांखाली असते: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. म्हणून लेटरहेडवर दोन क्रमांक दिसतात, त्यांतला एक 'एफ' ने सुरू होतो. शासनमान्य वाचनालयाला तिसरा कायदाही लागू होतो, तो महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. या संदर्भातले आपले कार्यालय जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचे. मंडळावर नवे नाव आले की त्याची सरकारी नोंद मात्र धर्मादाय कार्यालयात होते. पुण्याचे सह धर्मादाय आयुक्त कार्यालय ढोले पाटील रस्त्यावर आहे.

पात्रता

मंडळावर कोण येऊ शकतो हे प्रत्येक संस्थेची नियमावली ठरवते. म्हणून पहिले काम एकच: कार्यालयातून घटना आणि नियमावलीची प्रत मागून घ्या आणि ती शांतपणे वाचा. सभासदाला ती पाहायला मिळायलाच हवी. कपाटात सापडत नाही असे उत्तर आले, तर धर्मादाय कार्यालयातून नक्कल काढता येते.

नियमावलीत साधारणपणे असे आढळते: वय १८ पूर्ण, ठरावीक काळाचे सभासदत्व, वर्गणीची थकबाकी नाही, दिवाळखोर नाही, संस्थेत पगारी नोकर नाही. काही ठिकाणी फक्त आजीव सभासदांनाच उभे राहता येते, तर काही ठिकाणी महिलांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. सभासदत्वाच्या काळाकडे विशेष लक्ष द्या. नियमावली दोन वर्षे म्हणत असेल आणि तुमच्या पावतीवर वीस महिनेच भरत असतील, तर सगळ्यांनी एकमताने निवडले तरी ती निवड पुढे हरकतीला बळी पडते.

कायद्याचीही एक चौकट आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या, संस्थेच्या पैशाचा अपहार केलेल्या किंवा हिशेब सादर करण्यात सतत कसूर केलेल्या विश्वस्ताला (मंडळाचा सदस्य कायद्याच्या भाषेत विश्वस्त असतो) १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ड खाली काढून टाकता येते. शासकीय नोकरीत असाल तर उभे राहण्याआधी कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. निवडून आल्यावर ती मागत बसणे अवघड जाते.

सभा आणि इतिवृत्त

पुढची सगळी प्रक्रिया सभेच्या कागदांवर उभी असते. नोटीस नियमावलीत सांगितलेल्या मुदतीआधी निघायला हवी, ती प्रत्येक सभासदाला गेली पाहिजे, आणि गेल्याचा पुरावा हवा. हातोहात दिली तर सही घ्या, टपालाने पाठवली तर पोचपावत्या जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकली म्हणजे झाले, असे नियमावलीत लिहिलेले नसेल तर समजू नका. विषयपत्रिकेत 'कार्यकारी मंडळाची निवड' हा विषय स्पष्ट शब्दांत असू द्या. 'आयत्या वेळचे विषय' यात निवडणूक उरकली तर पुढे तिचा बचाव करता येत नाही.

इतिवृत्त बांधीव वहीत लिहा, पानांना क्रमांक घाला. एकूण सभासद किती, हजर किती, गणपूर्ती झाली का, सभा तहकूब करून पुन्हा भरवली का, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे सारे त्यात यायला हवे. निवडून आलेल्यांची नावे आधार कार्डावर जशी आहेत तशी पूर्ण लिहा. सभेत सगळे ज्यांना 'नाना' म्हणतात त्यांचे नाव वहीत 'नाना' म्हणूनच गेले, आणि ते नाना कोण हे सिद्ध करायला पुढे प्रतिज्ञापत्र करावे लागले, हे मी स्वतः पाहिले आहे.

बदल अर्ज: मुदत ९० दिवस

निवड सभेत होते. तिची सरकारी नोंद व्हावी म्हणून त्याच १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ खाली अनुसूची ३ च्या नमुन्यात बदल अर्ज द्यावा लागतो. बोलताना सगळे त्याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो दाखल व्हायला हवा. समजा सभा २५ ऑगस्टला झाली, तर मुदत २३ नोव्हेंबरला संपते. मध्ये गणपती, नवरात्र, दिवाळी. पुण्यात या तीन महिन्यांत कार्यकर्ता कशाला मोकळा असतो? म्हणून सभा झाल्यावर आठ दिवसांत कागद गोळा करायला बसा, असे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर भरायचा आणि मग कागदांचा संच कार्यालयात द्यायचा, अशी सध्याची पद्धत आहे. अर्ज करणारा एक विश्वस्त असतो, बहुधा कार्यवाह. सोबत जोडायचे कागद असे:

– नोंदणी प्रमाणपत्र आणि परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातल्या ज्या नोंदीत मंडळाची नावे असतात तिचा) ताजा उतारा
– घटना व नियमावली
– सभासदांची यादी
– सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रकावरच्या सह्या
– इतिवृत्ताची सत्यप्रत
– नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे संमतीपत्र व प्रतिज्ञापत्र, आधार आणि पॅनची प्रत
– कमी होणाऱ्या सदस्याचा राजीनामा किंवा ना-हरकत प्रतिज्ञापत्र. निधन झाले असल्यास मृत्यूचा दाखला
– वकील दिला असल्यास वकीलपत्र, आणि कोर्ट फी स्टॅम्प

यादीतला सगळ्यात त्रासाचा कागद म्हणजे कमी होणाऱ्या सदस्याचे प्रतिज्ञापत्र. नव्या माणसाला उत्साह असतो, तो लगेच सही करतो. जाणारा माणूस कधी रागाने गेलेला असतो, तर कधी मुलाकडे परगावी राहायला गेलेला. त्याची सही सभेच्या दिवशीच, निरोपाच्या चहाच्या वेळी मिळाली तर मिळाली. त्या दिवशी नोटरीला सभागृहातच बोलावून घेणे हा मला सापडलेला सर्वांत उपयोगी मार्ग.

अर्जाला कोणाची हरकत नसेल, तर उपायुक्त किंवा सहायक धर्मादाय आयुक्त १५ कामकाजाच्या दिवसांत बदल तात्पुरता मंजूर करू शकतात, अशी तरतूद आहे. मग हरकती मागवणारी नोटीस निघते, आणि ३० दिवसांत हरकत आली नाही तर मंजुरी अंतिम होते. हरकत आली तर चौकशी चालते, दोन्ही बाजू पुरावा देतात आणि तारखा पडतात. तेव्हा सभेत एखाद्या सभासदाने आक्षेप घेतला तर त्याचे ऐकून घ्या, आक्षेप इतिवृत्तात नोंदवा आणि तिथेच उत्तर द्या. सभेत न ऐकलेला माणूस पुढे ढोले पाटील रस्त्यावर हरकतदार म्हणून भेटतो.

९० दिवस उलटून गेले असतील तर विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो आणि उशिराचे सबळ कारण द्यावे लागते. खर्चापोटी काही रक्कम भरण्याचा आदेशही होऊ शकतो.

नोंद राहिली तर काय होते

आमच्याकडे माझ्या आधीच्या दोन कार्यकाळांचे बदल अर्ज दाखलच झाले नव्हते. कोणाचा वाईट हेतू नव्हता, प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याने केले असेल. बँकेत सही चालणाऱ्या दोघांपैकी एकजण वारले. बँकेने परिशिष्ट १ चा उतारा मागितला, तर त्यावर आठ वर्षांपूर्वीचे मंडळ. खाते अडकले. ग्रंथपालबाईंना तीन महिने पगार देता आला नाही, आणि त्या तीन महिन्यांत त्यांनी एकही दिवस दार उशिरा उघडले नाही. ते आठवले की आजही मला खाली पाहावेसे वाटते.

मग आम्ही एकेका निवडणुकीचा स्वतंत्र बदल अर्ज क्रमाने केला. मधली निवड वगळून शेवटचीच नोंद करून घेता येईल अशी आशा कोणी ठेवू नये, साखळी पूर्ण करावी लागते. जुन्या नोटिसा शोधताना रद्दीचे गठ्ठे उपसले, एका माजी सदस्याच्या सहीसाठी नाशिकला जाऊन आलो. म्हणून नव्याने उभे राहणाऱ्यांना माझा सल्ला आहे: उमेदवारी अर्ज भरण्याआधी परिशिष्ट १ चा उतारा पाहा. त्यावर सध्याच्या मंडळाची नावे नसतील, तर आधीचे बदल अर्ज कुठे अडले आहेत हे सभेत विचारा. तो तुमचा हक्क आहे.

वेगळा मित्रगट काढायचा असेल तर

महापालिकेच्या वाचनालयासाठी किंवा मोठ्या ग्रंथालयाला मदत म्हणून काहीजणांना स्वतंत्र 'ग्रंथालय मित्र मंडळ' काढावेसे वाटते. मदत पुस्तकभेट, बालवाचन, पुस्तकांना कव्हर घालणे एवढीच असेल, तर नोंदणीच्या फंदात पडू नका. ग्रंथालयाच्याच मंडळाकडून उपसमिती म्हणून ठराव करून घ्या. स्वतःच्या नावाने देणग्या घ्यायच्या आणि बँक खाते उघडायचे असेल तरच स्वतंत्र संस्था हवी.

तिला किमान सात प्रौढ व्यक्ती लागतात. एकाच घरातले सात घेऊ नका, प्रश्न विचारले जातात. नाव, उद्देश, घटनापत्र, नियमावली, पहिल्या मंडळाची यादी, सातही जणांची संमतीपत्रे व ओळखपत्रे, आणि कार्यालयाच्या पत्त्यासाठी वीजबिल व जागामालकाचे ना-हरकत पत्र असा संच तयार करायचा. वाचनालय स्थापन करणे आणि चालवणे हा उद्देश १८६० च्या कायद्यातच नमूद आहे, त्यामुळे उद्देशाबद्दल अडचण येत नाही. संस्था नोंदणी झाली की विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदणीचा अर्ज तीन महिन्यांत द्यावा लागतो. मग पॅन, आणि देणगीदारांना करसवलत हवी असेल तर आयकर विभागाकडे त्यासाठीची नोंदणी, जिला बोलताना '१२अ व ८०जी' म्हणतात. दोन हजारांहून जास्त रोख देणगीवर देणगीदाराला ही सवलत मिळत नाही, तेव्हा मोठ्या रकमा धनादेशानेच घ्या.

नाव लागल्यावर

मंजुरीचा आदेश आला की त्याची प्रमाणित नक्कल आणि परिशिष्ट १ चा नवा उतारा लगेच मागून घ्या, निदान तीन संच. एक बँकेला सह्या बदलण्यासाठी, एक जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला, एक संस्थेच्या फाइलला.

विश्वस्त म्हणून पैशाबाबत तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे लेखापरीक्षण सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण करून अहवाल धर्मादाय कार्यालयात जायला हवा. ठेवी अनुसूचित बँकेत, टपाल बचत बँकेत किंवा शासनाने मान्य केलेल्या सहकारी बँकेत ठेवायच्या. पतसंस्था व्याज जास्त देते म्हणून तिथे ठेवता येत नाहीत. आणि संस्थेची जागा विकायची, इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची किंवा कर्ज काढायचे, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी हवी. ठराव कितीही एकमताचा असला तरी.

फाइलला लावलेल्या संचाच्या वर एक कोरा कागद ठेवा आणि त्यावर मंडळाची मुदत कोणत्या तारखेला संपते ते मोठ्या अक्षरात लिहा. पुढचा कार्यवाह फाइल उघडेल तेव्हा त्याला सगळ्यात आधी ती तारीख दिसेल.