ज्वालाक्षेपक रणगाड्यांची पार्श्वभूमी

जर्मन सैन्याने १९१५ साली पश्चिम आघाडीवर ज्वालाक्षेपक वापरले, तेव्हापासूनच या शस्त्राची अडचण उघड होती. पाठीवरच्या टाकीत मावणारे इंधन काही सेकंदांतच संपे, ज्वाळा फार लांब पोहोचत नसे आणि ते ओझे वाहणारा सैनिक शत्रूला सहज टिपता येई. त्यामुळे इंधन वाहनावर चढवण्याची कल्पना स्वाभाविकच होती. इटलीने १९३५-३६ च्या इथिओपिया मोहिमेत छोट्या रणगाड्यांवर ती राबवली, तर सोव्हिएत सैन्याने टी-२६ रणगाड्यांवर. दोन्हींचे चिलखत मात्र पातळ होते.

या शस्त्राकडे ब्रिटन वळले ते भीतीपोटी. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन आक्रमण तोंडावर असताना तेलाचा वापर शस्त्र म्हणून कसा करता येईल, हे शोधण्यासाठी तेथे स्वतंत्र पेट्रोलियम युद्ध विभाग स्थापन झाला. बचावासाठी सुरू झालेल्या या खटपटीतूनच पुढे हल्ल्याची दोन साधने निघाली: युनिव्हर्सल कॅरियर या हलक्या चिलखती वाहनावरचे ‘वास्प’ आणि चर्चिल रणगाड्यावरचे ‘क्रोकोडाइल’.

क्रोकोडाइलची रचना खरोखर हुशारीची होती. सुमारे १,८०० लिटर घट्ट केलेले इंधन मागे जोडलेल्या साडेसहा टनांच्या चिलखती ट्रेलरमध्ये असे आणि नायट्रोजनच्या दाबाने ते रणगाड्याच्या पुढच्या भागातील नळीपर्यंत येई. ही नळी मशीनगनच्या जागी बसवल्यामुळे मुख्य तोफ शाबूत राही, आणि वेळ आलीच तर आतूनच ट्रेलर सोडून देता येई. ज्वाळेचा पल्ला शंभर मीटरच्या आसपास होता. पॅसिफिकमध्ये अमेरिकनांनीही इवो जिमा आणि ओकिनावा या जपानी बेटांवर ज्वालाक्षेपक बसवलेले शेरमन रणगाडे गुहांविरुद्ध वापरले.

९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर ८ व्या भारतीय डिव्हिजनच्या हल्ल्याआधी दोन्ही ब्रिटिश साधनांनी नदीचे उंच बांध भाजून काढले, कारण त्यांच्या पोटात खणलेल्या जर्मन मोर्चांपर्यंत तोफांचा मारा नीट पोहोचत नव्हता. तरीही सगळे मोर्चे गप्प झाले नाहीत. उरलेल्यांपैकी तीन मशीनगन मोर्चे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी, दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित आणल्यानंतर, एकट्याने उद्ध्वस्त केले. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.