तसबिरीच्या पाठीमागे

मराठीत ‘तसबीर’ म्हटले की चित्राबरोबर लाकडी चौकट, काच आणि भिंतीवरचा खिळाही आठवतो. मुळातल्या अरबी शब्दाचा अर्थ मात्र नुसते चित्र. ही चौकट घराघरांत आणली ती फोटोंपेक्षा देवांनी, असे मला वाटते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. पण तेव्हाचा फोटो म्हणजे श्रीमंतांची चैन. तो पुठ्ठ्यावर डकवून बहुधा अल्बममध्ये राही. सामान्यांच्या भिंतीवर आधी आले ते छापील देव. पुण्यात १८७८ मध्ये चित्रे छापणारी चित्रशाळा सुरू झाली, मुंबईत १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. हळदकुंकू आणि समईची काजळी यांपुढे उघडा कागद टिकणार कसा? काच हवी, म्हणजे चौकट हवी. पुढे आजोबांचा फोटो आला तो त्याच चौकटीत बसला, आणि काचेवर गंध लावून घेऊ लागला.

चांगली चौकट सागवानाची. पट्टीच्या आतल्या कडेला काच बसेल एवढी खाच काढायची, टोके ४५ अंशांत कापायची आणि सरस लावून व बारीक खिळे ठोकून कोपरे जोडायचे. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी शेवटच्या कोपऱ्यात फट पडते.

खरी गोष्ट मागच्या बाजूला असते. तिथे अनेकदा खोक्याच्या पातळ फळ्या ठोकलेल्या आणि धूळ शिरू नये म्हणून वर वर्तमानपत्र चिकटवलेले. त्यावरची तारीख वाचता आली तर चौकट केव्हाची याचा अंदाज लागतो. पण त्याच फळ्यांतले आम्ल फोटो तपकिरी करते, आणि दोन फळ्यांच्या सांध्याची गडद रेघ कधीकधी थेट आजीच्या चेहऱ्यावर उमटते.

तसबीर पुढे झुकवून टांगत, म्हणजे खालून नीट दिसे आणि काच चकाकत नसे. मागच्या पोकळीत चिमण्या घरटे करत, तो वेगळाच संसार!

घरगुती चौकटीत फोटो आणि काच यांमध्ये अंतर ठेवणारा पुठ्ठा क्वचितच असे. पावसाळ्यातल्या दमटपणाने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला चिकटतो. जाणता फ्रेमवाला असा फोटो ओढत नाही; काचेसकट नव्या पट्टीत बसवतो.