जड सेल्फ आणि थंड हीटर : जुन्या डिझेल व्हॅनच्या पहाटेच्या दोन तक्रारी

डिसेंबर लागला की नागपुरातल्या गॅरेजांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘सकाळी गाडी चालू होऊन नाही राहिली, दुपारी मात्र एका सेल्फमध्ये उचलते.’ संत्र्याचे कॅरेट घेऊन पहाटे कळमन्याच्या बाजाराला निघणारी जुनी व्हॅन असो की शाळेची मुले नेणारी, गाडीवाला एवढेच सांगतो आणि ऐकणारा बहुधा तेवढ्यावरच नवी बॅटरी सुचवतो. वास्तविक या एका वाक्यात दोन निरनिराळे बिघाड असू शकतात. एकात सेल्फला, म्हणजे स्टार्टर मोटरला, इंजिन नीट फिरवण्याइतकी वीज पोहोचत नाही; दुसऱ्यात इंजिन उत्तम फिरते, परंतु हीटर प्लग, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिनच्या आत उष्णता देणारी विजेची कांडी, तापत नसल्यामुळे डिझेल पेटत नाही. दोन्ही दोष विजेचे, दोन्ही थंडीत उघडे पडणारे आणि दोन्ही ऊन चढले की आपोआप बरे झाल्यासारखे वाटणारे. त्यामुळे एकावरचा खर्च दुसऱ्यावर होतो आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा गॅरेजात येते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने दाबलेली हवा दाबामुळे तापते आणि त्या हवेत फवारलेले डिझेल स्वतःहून पेट घेते. यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरावे लागते, कारण पिस्टन संथपणे वर आला तर हवा रिंगांच्या फटींतून निसटते आणि तिची उष्णता थंड सिलिंडरच्या भिंतींत जिरून जाते. मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांच्या खाली गेलेले थंड इंजिन सहसा धरत नाही. जुन्या व्हॅनमध्ये याच्या जोडीला आणखी एक अडचण असते. मॅटाडोर, ट्रॅक्स, ट्रॅव्हलर यांसारख्या गाड्यांत अनेक वर्षे वापरले गेलेले, मर्सिडीजच्या ओएम ६१६ वंशाचे इंजिन पूर्वकक्षाचे आहे, म्हणजे त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी इंजिनच्या डोक्यातल्या, म्हणजे हेडमधल्या, छोट्या कक्षात फवारले जाते. या कक्षाच्या थंड भिंती हवेची उष्णता इतकी शोषतात की दाबाचे गुणोत्तर वीस-एकवीसच्या घरात असूनही हीटरच्या मदतीशिवाय थंड इंजिन सुरू होणे अवघड जाते. थेट फवारणीच्या नव्या इंजिनांना नागपूरच्या थंडीत हीटर नसला तरी बरेचदा चालून जाते. त्यांच्यावर हात बसलेला कारागीर जुन्या गाडीचा हीटर दुय्यम मानतो, ते यामुळेच.

आणि नागपूरची थंडी अगदीच नाममात्र नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जाणे नित्याचे आहे आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांवर आला होता.

पहिले निदान कानाने करायचे असते. हीटरला नेहमीचा वेळ देऊन सेल्फ मारावा आणि फक्त ऐकावे. इंजिन ‘घर्र... घर्र...’ असे ओढत, प्रत्येक दाबाला अडखळत फिरत असेल, डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील, तर दोष सेल्फच्या मंडलात, म्हणजे सर्किटमध्ये, आहे. इंजिन दुपारच्याच वेगाने सपाट आवाजात फिरत असेल आणि तरीही धरत नसेल, तर बॅटरीला दोष देण्याचे कारण उरत नाही. मग सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचते आहे पण पेटत नाही, आणि संशय हीटरवर जातो. धूर मुळीच नसेल तर गोष्ट या दोन्हींच्या बाहेरची आहे : रोटरी पंपावरचा, इंधन बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) उघडत नसेल किंवा रात्रभरात डिझेलच्या पाइपात हवा शिरली असेल. हातपंप मारल्यावर गाडी लगेच सुरू झाली तर हवाच, आणि तिथे वायरमनचे काम नाही.

गाडी उतारावर लावलेली असेल तर धक्काही बरेच सांगून जातो. हीटर देऊन धक्का मारताच गाडी पटकन धरते, तेव्हा उष्णता पुरेशी होती आणि फिरवणारा कमी पडत होता हे उघड आहे. उलट बरेच अंतर ढकलूनही ती पांढरा धूर ओकत राहत असेल तर सेल्फ बदलून काहीही हाती लागणार नाही.

जड सेल्फ म्हणजे बॅटरी संपली, हे समीकरण मात्र घाईचे आहे. चार सिलिंडरचे असे डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे ते चारशे अँपिअर प्रवाह ओढतो, आणि एवढ्या प्रवाहाला वाटेतला किंचित अडथळाही महाग पडतो. समजा बॅटरीच्या टोकावरच्या गंजामुळे किंवा केबलच्या टोकाच्या सैल थिंबलमुळे (बोल्टवर बसणाऱ्या धातूच्या कडीमुळे) एका ओहमच्या हजाराव्या भागाच्या चौपट, म्हणजे फक्त ०.००४ ओहम रोध निर्माण झाला. अडीचशे अँपिअर वाहताना तिथे पूर्ण एक व्होल्ट वाया जातो. हा रोध साध्या मल्टीमीटरच्या ओहमच्या पट्टीवर दिसतच नाही, आणि टेस्ट लॅम्पही ठणठणीत पेटतो, कारण दिव्याला अर्धा अँपिअरही पुरतो. ‘वायरिंग तपासले, सगळे ओके आहे’ असे सांगितले जाते तेव्हा ते बहुतेक वेळा बिनभाराचे तपासणे असते. जुन्या गाडीत त्याला फारसा अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजायचे ते सेल्फ फिरत असताना. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून धरावी किंवा पंपावरच्या सोलेनॉइडची वायर काढून ठेवावी आणि मल्टीमीटर वीस व्होल्टच्या डीसी पट्टीवर ठेवावा. आधी बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर, क्लॅम्पवर नव्हे, व्होल्टेज पाहावे. रात्रभर उभ्या, भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट असतात; १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली. सेल्फ फिरताना हा आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आहे. बुश (आतला आधार) झिजून आर्मेचर, म्हणजे सेल्फचा फिरणारा भाग, घासू लागला की असे होते, आणि डीसी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) लावल्यावर दोन्हींतला फरक लगेच कळतो. आकडा अकराच्या आसपास टिकून सेल्फ मात्र जडच फिरत असेल, तर पुढचे मोजमाप केबलचे. एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर आणि दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून सेल्फ मारला की मीटर त्या वाटेत हरवलेले व्होल्ट दाखवतो. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास केबल, थिंबल किंवा सेल्फवरच्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) संपर्क खराब आहे. तसेच ऋण खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजावे. तिथे पाव व्होल्टच्या वर काही दिसू नये. दोन्ही वाटा चोख, बॅटरीवर पुरेसे व्होल्ट आणि तरीही सेल्फ ढिला, तर आता सेल्फ खोलायला हरकत नाही. कार्बन, म्हणजे आतले ब्रश, झिजलेले सापडतील.

यातही इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थिंगची वेणी सर्वांत दुर्लक्षित असते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला विजेची परतीची वाट हीच. क्लच किंवा गिअरबॉक्सचे काम करताना ती काढली जाते आणि परत बसवायची राहते, किंवा रंगाच्या थरावरच आवळली जाते. मग प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून मार्ग काढतो. सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली, तर आणखी काही शोधण्यापूर्वी वेणी बदलावी. तिची किंमत बॅटरीच्या तुलनेत नगण्य आहे.

हीटरचे मंडल तुलनेने साधे आहे. तरी त्यातला दिवा फसवा असतो. अनेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा टायमर ठरवतो तेवढा वेळ पेटतो आणि विझतो. प्लग तापले की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. चारही प्लग मेलेले असले तरी दिवा शिस्तीत विझतो. पेन्सिलसारखे प्लग समांतर जोडलेले असल्याने एक गेला तरी उरलेले काम करतात, आणि म्हणून हा बिघाड टप्प्याटप्प्याने येतो : प्रथम सुरू झाल्यावर काही सेकंद इंजिन तीन सिलिंडरांवर थरथरते, खडखडते, थोडा पांढरा धूर टाकते, पुढच्या हिवाळ्यात दोनदा-तीनदा हीटर द्यावा लागतो, मग एखाद्या पहाटे ते धरतच नाही. फार जुन्या गाड्यांतले उघड्या तारेचे प्लग मात्र एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यात एक तुटला की सगळेच थंड पडतात. गाडी काल व्यवस्थित होती आणि आज अजिबात नाही, असे झाले तर या जुन्या रचनेबरोबरच जाड पट्टीचा फ्यूज आणि हीटरचा रिले (प्लगांना वीज जोडणारा स्विच) आधी पाहावेत.

तपासण्यासाठी प्लगांवरची जोडपट्टी काढावी. प्रत्येक प्लगच्या टोकापासून इंजिनपर्यंतचा रोध थंडीत ओहमभर किंवा त्याहून कमी असतो. मीटरने अनंत दाखवले तर तार तुटली आहे. यापेक्षा भरवशाचे म्हणजे पट्टी जागेवर ठेवून तिच्याकडे जाणाऱ्या वायरवर क्लॅम्प मीटर लावणे. पेन्सिल प्लग स्थिरावल्यावर प्रत्येकी दहाच्या आसपास अँपिअर घेतो, तेव्हा चारांचे मिळून चाळीसच्या जवळ यावेत. तीसच आले तर एक गेला, आणि काहीच आले नाही तर प्लगांना हात न लावता रिलेकडे जावे. प्लग काढायचा झाल्यास इंजिन गरम असताना, प्लगच्या आट्यांवर तेल सोडून, सावकाश काढावा. टोक फुगून आत अडकलेला प्लग जोर लावून मोडला तर हेड उतरवावे लागते.

दोन दोषांची सरमिसळ होते ती एकमेकांच्या आधाराने. हीटर बॅटरीवरच चालतो आणि त्याची उष्णता ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून त्याला बाराऐवजी दहा व्होल्ट मिळाले तर उष्णता जवळपास तीस टक्क्यांनी घटते. शिवाय सेल्फच्या आधी वीस सेकंद चाळीस अँपिअर ओढून हीटर दुबळ्या बॅटरीला आणखी थकवतो. इंजिनची अर्थिंग तर दोघांना सामाईक, कारण प्लगचा प्रवाहही इंजिनच्या अंगातूनच परततो. नवी बॅटरी घातल्यावर गाडी आठवडाभर बरी चालते ती अशा वेळी. तीन मेलेल्या प्लगांची उणीव जोमदार सेल्फ काही दिवस झाकतो, आणि कडाक्याची पहाट आली की तक्रार परत येते. त्यामुळे क्रम असा ठेवावा की आधी बॅटरी बाहेर पूर्ण चार्ज करून मगच दोन्ही मंडले मोजावीत. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेले हीटरचे माप कोणालाही दोषी ठरवू शकते.

बॅटरी खरोखर दुबळी निघाली तर तिचे नुकसान बहुधा मे महिन्यात झालेले असते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, आणि इंजिनशेजारी बॅटरी त्याहून गरम राहते. उष्णतेने पाणी उडते आणि आतल्या जाळ्या गंजतात. उन्हाळ्यात कोमट इंजिन फिरवायला कमी ताकद लागत असल्याने हे झाकले जाते आणि उघडकीस येते डिसेंबरात. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटर पाहणे आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात का हे तपासणे, एवढ्याने बॅटरीचे एखाद-दुसरे वर्ष वाचू शकते.

निदान होईपर्यंत पहाटे गाडी काढणे भागच असेल तर जंपर केबल लावावी, धक्का मारावा, परंतु हवेच्या पाइपात इथरचा फवारा मारून हीटरसकट सेल्फ देऊ नये. लालबुंद प्लगवर इथर वेळेआधीच भडकतो आणि त्याच्या तडाख्याने मॅनिफोल्ड, रिंगा किंवा पिस्टन फुटू शकतो. मग प्रश्न विजेचा राहत नाही.