पैज किती मोठी लावायची?

हेज फंड, म्हणजे श्रीमंतांचे आणि संस्थांचे पैसे गुंतवणारा खासगी फंड, चालवणाऱ्याला उद्याचा बाजार आजच दिसतो, हा समज फार चिवट आहे. त्याला सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे एडवर्ड थॉर्प. १९३२ साली जन्मलेला हा अमेरिकी गणितज्ञ. एमआयटीत शिकवत असताना त्यांनी आयबीएम ७०४ संगणकावर ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराची आकडेमोड केली. पडून गेलेल्या पत्त्यांचा हिशेब ठेवला तर पारडं खेळाडूकडे झुकू शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. झुकतं, पण किंचितच. मग डावावर लावायचे किती?

हे गणित बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या जॉन केली यांनी १९५६ मध्येच सोडवलं होतं. समजा, जिंकण्याची शक्यता ६० टक्के आणि जिंकलात तर लावले तेवढेच वर मिळतात. ६० मधून हरण्याचे ४० वजा करा; दर वेळी जवळच्या पैशातले २० टक्के लावा. १०० डावांत ६० जिंकले, ४० हरले, तर १०० डॉलरचे सुमारे ७५० होतात. आता हावेपोटी दर वेळी ४० टक्के लावून बघा. डाव तेच, हारजीत तीच, आणि हातात उरतात जेमतेम ७८!

गोम गुणाकारात आहे. एक जीत म्हणजे १.४ पट, एक हार म्हणजे ०.६ पट, गुणाकार ०.८४. एक जिंकून एक हरलात की १६ टक्के गायब. २० टक्क्यांच्या पैजेत ही झीज ४ टक्केच. पैज दुप्पट, झीज चौपट. म्हणून जॉन केली सरासरी नफा बघत नाहीत, पैशाच्या लॉगॅरिदमची (गुणाकाराची बेरीज करून देणाऱ्या आकड्याची) सरासरी जास्तीत जास्त करतात. पैजेच्या आकारानुसार वाढीचा आलेख काढला, तर त्या वक्राचा माथा बराच सपाट असतो, त्यामुळे या हिशेबाने येते त्याच्या निम्मी पैज लावूनही वाढीचा जवळपास तीन-चतुर्थांश वेग टिकतो.

१९६९ मध्ये थॉर्प यांनी भागीदारासोबत फंड काढला. पुढे तो प्रिन्स्टन-न्यूपोर्ट पार्टनर्स म्हणून ओळखला गेला. एकाच कंपनीचा स्वस्त पडलेला, शेअरमध्ये बदलता येणारा रोखा किंवा वॉरंट (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) घ्यायचा, त्या मानाने महाग असलेला शेअर शॉर्ट करायचा, म्हणजे उसना घेऊन विकायचा. भाव कुठेही गेला तरी एकाचा तोटा बराचसा दुसरा भरून काढतो. सुमारे दोन दशकांत एकही वर्ष तोट्याचं गेलं नाही. ना टिप्स, ना ग्रहमान.

तरी थॉर्प निम्म्या पैजेकडेच झुकत. पत्ते मोजता येतात, बाजारातली शक्यता मात्र अंदाजानेच धरावी लागते. ६० टक्के समजून २० टक्के लावले आणि खरी शक्यता ५५ निघाली, तर वाढ थेट शून्यावर येते.