खळ, चरबी आणि स्टार्चची फिल्म: ही जोडी जमली कशी

आमच्या खान्देशात उन्हाळ्यात बिबडे घालतात ना, ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या धोतरावर पसरवायचं, खाटेवर वाळवायचं आणि वाळलं की कापड उलटं करून पाणी शिंपडून सोडवायचं. स्टार्चची फिल्म म्हणजे पातळ पापुद्रा बनतो कसा आणि पाणी लागलं की लगेच नरम कसा पडतो, दोन्ही एकाच खाटेवर. लॅबमधे पण हेच करतात, फक्त धोतराच्या जागी काचेची प्लेट अन् सोबत थोडं ग्लिसरीन, ते नसलं तर फिल्म कुरडईसारखी कडकन मोडते.

2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर आपल्याकडे मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या पिशव्यांची चर्चा वाढली. पण स्टार्चमधे स्निग्ध काहीतरी घालायची कल्पना फार जुनी, आणि ती पर्यावरणवाल्यांची नाही, गिरणीवाल्यांची आहे. अमळनेरची प्रताप कापड गिरणी ज्यांनी पाहिली त्यांना खळ, म्हणजे शिजवलेल्या स्टार्चची पेज, काय ते सांगायला नको. मागावर चढायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ द्यावी लागते, नाहीतर धागा घासून तुटतो, पण नुसती खळ वाळली की ठिसूळ, म्हणून कापड गिरण्यांत त्यात टॅलो म्हणजे जनावराची चरबी मिसळायचे. धागा नरम राहायचा, सरकायचा. का ते कोणाला नीट माहीत नव्हतं आणि गिरणीचं त्यावाचून अडतही नव्हतं.

"का" कळायला वेळ लागला. आयोडीन टाकलं की स्टार्च निळा होतो हे 1814 पासून माहीत होतं, पण स्टार्चमधला अमायलोजचा लांब धागा स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि आयोडीन त्या पोकळीत जाऊन बसतं हे चित्र 1930 च्या दशकाच्या शेवटी आणि 40 च्या दशकात स्पष्ट झालं. 1942 मधे शॉक या रसायनशास्त्रज्ञाने ब्युटेनॉल हे अल्कोहोल वापरून अमायलोज वेगळं काढलं, 1946 मधे मिकस, हिक्सन आणि रंडल यांनी दाखवलं की फॅटी ॲसिड, म्हणजे तेल-चरबी ज्यापासून बनते ते लांब शेपटीचं ॲसिड, तेसुद्धा तसंच आत बसतं. एका वेढ्यात 6 ग्लुकोज, आतली बाजू पाण्याला नको म्हणणारी, त्यामुळे फॅटी ॲसिडची तेलकट शेपटी आत मजेत राहते. (चरबीत मात्र तीन-तीन फॅटी ॲसिडं ग्लिसरीनला बांधलेली असतात, ती अशी सहज शिरत नाहीत, म्हणजे गिरणीतलं टॅलो बहुतेक वंगणाचंच काम करत असणार.)

मक्याच्या स्टार्चमधे मुळातच थोडं फॅटी ॲसिड असतं, एक टक्क्याच्याही आत, साबुदाण्याच्या आणि बटाट्याच्या स्टार्चमधे जवळपास नाहीच. मक्याची खळ दुधाळ आणि साबुदाण्याची काचेसारखी दिसते त्याचं हे एक कारण.

आता फिल्मचं. लॉरिक, पामिटिक, स्टिअरिक असलं एखादं फॅटी ॲसिड मिसळलं की पाण्याची वाफ कमी आरपार जाते आणि साधारणपणे शेपटी लांब तितकी अडवणूक जास्त. पण अमायलोजमधे मावेल तेवढंच मावतं, उरलेलं वेगळे कण करून बसतं, मग फिल्म धुरकट होते आणि ताणली की तिथूनच फाटते. ओलेइक साध्या तापमानाला द्रवच असतं, शेपटीला बाक असतो, ते फिल्म नरम करतं पण वाफ स्टिअरिकइतकी अडवत नाही. स्टिअरिकची वेगळीच कटकट, ते वितळतं 69 अंशांच्या आसपास, त्यामुळे खळ कडक गरम असतानाच घोटून मिसळावं लागतं, जरा उशीर झाला की भाजीवरच्या तर्रीसारखं वर येऊन गोठतं.