लॅपटॉपचं वय कशावरून मोजायचं?

पाच वर्षं झाली की घरात 'आता नवा घेऊया' सुरू होतं. पण लॅपटॉप सगळाच्या सगळा एकदम म्हातारा होत नाही. बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, बिजागरी खिळखिळी होते. प्रोसेसर मात्र दहा वर्षांनीही पहिल्या दिवसाइतक्याच वेगाने आकडेमोड करू शकतो. करू शकतो, पण त्याला थंड ठेवलं तर.

प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून बारीक पात्यांच्या जाळीपर्यंत येते आणि पंखा ती बाहेर फेकतो. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये दोन-तीन वर्षांत धूळ, केस, कपड्यांचे तंतू दाबून बसतात आणि नमद्यासारखा थर होतो. बाहेरून तो दिसत नाही. मागचं झाकण काढून पंखा उचलला की अख्खी पट्टी हातात येते. तोपर्यंत प्रोसेसर ९५-१०० अंशांवर पोचून जीव वाचवायला स्वतःचाच वेग कमी करत असतो. साधं ब्राउझर उघडल्यावर पंखा घोंघावत असेल, तर आधी संशय इथेच घ्यावा. साफ करताना आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. चिपवरची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता तांब्याकडे पोचवणारा लेप) वाळून भेगाळली असेल, तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याहून लहान ठिपका नव्याने लावायचा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा, हा गैरसमज आहे.

जुन्या मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर दुसरा गुन्हेगार तीच. विखुरलेल्या फाइली ती सेकंदाला शंभरेक वेळा शोधू शकते; एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, हजारो वेळा. एसएसडी झिजते हे खरं, पण २५० जीबीच्या चांगल्या डिस्कवर सुमारे १५० टीबी लिहिता येतं. रोज २० जीबी लिहिलं, तरी वीस वर्षं.

बॅटरीचं गणित रासायनिक आहे. दर चार्जिंगला ग्राफाइटच्या टोकावर एक घन थर किंचित वाढतो आणि थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. उष्णता आणि शंभर टक्के भरलेली अवस्था, दोन्ही ही वाढ जोरात करतात. म्हणून दिवसभर चार्जरलाच लावलेल्या लॅपटॉपची बॅटरीही जाते. ८० टक्क्यांची मर्यादा घालायची सोय असेल तर वापरा. अनेक बॅटऱ्या ३०० ते ५०० चक्रांत मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतात. निम्मी बॅटरी दोनदा वापरली, की एक चक्र. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ आणि आजची क्षमता शेजारी दिसतात: ५०,००० मिलिवॉट-तासांची २८,००० झाली असेल, तर बॅटरी बदला, लॅपटॉप नव्हे. टचपॅड वर उचलला गेला किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा केंद्रात द्या.

खरा शेवट वेगळ्या कारणांनी येतो. मदरबोर्ड जळतो, किंवा ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असल्याने वाढवता येत नाही. पातळ लॅपटॉप घेताना हे कुणी विचारत नाही. तिसरं कारण सॉफ्टवेअरचं. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. अशा धडधाकट पण नाकारलेल्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम छान चालते. पत्रव्यवहार, ब्राउझर, बँकेची कामं यांना तेवढं पुरतं.

दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या लॅपटॉपच्या निम्म्यावर गेला, तर नवा घ्यावा. जुन्यातली एसएसडी मात्र काढून घ्या. स्वस्तातल्या यूएसबी केसमध्ये बसवली, की बॅकअपची सोय झाली.